सिल्वरटनला जायचंय? आधी ब्रोकन हिल गाठा

ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या मित्रमंडळींना आउटबॅक, म्हणजे देशाचा आतला ओसाड मुलूख, बघायचा असतो आणि त्यातल्या बहुतेकांच्या मनात उलुरूचा लाल डोंगर असतो. तो बघाच. पण चार-पाच दिवस आणि एक गाडी हाताशी असेल, तर मी सिल्वरटनचं नाव सुचवते. न्यू साउथ वेल्सच्या पार पश्चिम टोकाला, साउथ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीजवळ हे गाव आहे. चांदी सापडली म्हणून वसलं, १८८५-८६च्या सुमारास तिथे तीनेक हजार माणसं राहत होती आणि पुढच्या काही वर्षांतच ते ओस पडलं. आज पन्नासेक लोक राहतात. बाकी दगडी इमारती, रुंद मोकळे रस्ते आणि त्यातून आरामात फिरणारी गाढवं.

मी ॲडलेडला राहते आणि आजवर तीनदा तिथे गेले आहे. पहिल्या वेळी जानेवारीत, भर दुपारी, थेट सिल्वरटनला. गाडीतून उतरलो, फोटो काढले, पबमध्ये थंड प्यायलो आणि पाऊण तासात परत फिरलो. काय बघितलं ते मला सांगता आलं नसतं. दुसऱ्या वेळी दोन दिवस आधी ब्रोकन हिलमध्ये काढले आणि मग सिल्वरटनला गेले, तेव्हा ते गाव समजलं. कारण सिल्वरटनची घरं कुठे गेली याचं उत्तर पंचवीस किलोमीटरवरच्या ब्रोकन हिलमध्ये आहे. म्हणून हा सगळा लेख त्या क्रमाने लिहिला आहे. क्रम बदलू नका, एवढीच माझी मुख्य विनंती.

महिना ठरवा

एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जा. उन्हाळा म्हणजे इथला डिसेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो आणि सावली मिळत नाही. हिवाळ्यात दिवस प्रसन्न असतो, पण रात्र चांगलीच गारठते. वाळवंट म्हणून सुती कपडेच घेऊन गेलात तर संध्याकाळी कुडकुडाल. जाड जाकीट, कानटोपी, मोजे लागतातच. वर्षाला जेमतेम अडीचशे मिलिमीटर पाऊस पडणारा हा मुलूख आहे, तरी पडला की एकदम पडतो. त्याबद्दल पुढे सांगते.

ऑगस्टमध्ये सिल्वरटनजवळच्या मैदानावर 'मुंडी मुंडी बॅश' हा मोठा संगीत महोत्सव असतो. हजारो लोक तंबू आणि कॅराव्हॅन घेऊन येतात आणि ब्रोकन हिलमध्ये खोली मिळणं मुश्कील होतं. संगीतासाठी जायचं नसेल तर त्या आठवड्याच्या तारखा बघा आणि त्या टाळा.

पोचायचं कसं

ॲडलेडहून बॅरिअर हायवेने साधारण ५१५ किलोमीटर, थांबत गेलं तर साडेसहा-सात तास. एका दिवसात आरामात होतं. वाटेत बरा, टेरोवी, युंटा ही गावं लागतात. बरा तर तांब्याच्या खाणीवर उभं राहिलेलं गाव, चहाला तिथेच थांबा.

सिडनीहून सुमारे ११५० किलोमीटर. हा एका दिवसाचा रस्ता नाही. मुंबईहून निघून नागपूर गाठायचं आणि मग पुढे अजून तीनेकशे किलोमीटर, असा हिशोब करा. डबो किंवा कोबारला मुक्काम टाका. मेलबर्नकरांनी मिल्ड्युरामार्गे यावं. मिल्ड्युरा ते ब्रोकन हिल सिल्वर सिटी हायवेने तीनशेच्या आसपास आहे आणि मध्ये वस्ती जवळपास नाहीच.

गाडी चालवायची नसेल तर सिडनीहून आठवड्यातून एकदा सरकारी रेल्वे येते, पूर्ण दिवसाचा प्रवास. सिडनी आणि ॲडलेडहून छोटी विमानंही आहेत. 'इंडियन पॅसिफिक' ही सिडनी-पर्थ पर्यटक गाडीसुद्धा इथे थांबते. तिच्या नावातला 'इंडियन' म्हणजे हिंदी महासागर, दोन महासागर जोडणारी गाडी म्हणून ते नाव. पण ती काही तासच थांबते आणि सिल्वरटनला तेवढा वेळ पुरत नाही. रेल्वेने किंवा विमानाने आलात तर ब्रोकन हिलमध्ये गाडी भाड्याने घ्या. तिथे गाड्या मोजक्याच असतात, आधी नोंदवा.

इथेही आपल्यासारखं डावीकडूनच चालवायचं, त्यामुळे हाताला सवय असते. फिरायला आलेल्यांना भारतातला इंग्रजीत छापलेला परवाना चालतो, पण भाड्याची गाडी घेताना आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असला तर प्रश्न उरत नाहीत. कायमचे राहायला आला असाल तर स्थानिक परवाना कधीपर्यंत काढायचा तो नियम बघून घ्या. भाड्याच्या करारातली दोन कलमं मात्र नीट वाचा: कच्च्या रस्त्यावर विमा लागू आहे का, आणि अंधार पडल्यावर शहराबाहेर चालवायला परवानगी आहे का. पुष्कळ कंपन्या दोन्हींना नाही म्हणतात. खाली दिलेला बेत त्यावर अवलंबून आहे.

एक गोष्ट आपली माणसं हमखास विसरतात. न्यू साउथ वेल्समधून साउथ ऑस्ट्रेलियात फळं नेता येत नाहीत. फळमाशीमुळे हा नियम आहे. बॅरिअर हायवेवर ऊडला विरा इथे तपासणी नाका आहे आणि तिथे गाडी थांबवून बघतात. परतीच्या वाटेवर केळी, संत्री, टोमॅटो गाडीत ठेवू नका, दंड होतो. नाक्याआधी खाऊन टाका.

गाडीत काय हवं

माणशी दिवसाला किमान पाच लिटर पाणी, आणि त्याशिवाय एक भरलेला कॅन डिकीत. सुटं चाक आणि ते बदलायचं सामान, दोन्ही निघण्याआधी तपासा. रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन. माश्यांसाठी डोक्यावरून घालायची जाळी दहाएक डॉलरला मिळते. दिसायला विचित्र वाटेल, पण गरम दिवसात माश्या डोळ्यात, नाकात जातात आणि जाळीशिवाय सिल्वरटनच्या स्मशानभूमीत दहा मिनिटंही उभं राहवत नाही. पुढे खाणीत उतरायचं आहे, तेव्हा बंद बूट हवेतच. चपला, सँडल चालत नाहीत.

फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. शहराबाहेर पडलं की रेंज जाते. टेल्स्ट्राचं जाळं त्यातल्या त्यात बरं चालतं. सुटी रोकडही ठेवा, छोट्या संग्रहालयांमध्ये ती उपयोगी पडते.

आणि गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. आउटबॅकमधला हा पहिला नियम आहे आणि तो न पाळल्याने माणसं गेली आहेत. गाडीच्या सावलीत बसा, पाणी प्या, वाट बघा. रस्त्यावरून जाणारा इथे थांबतोच. तातडीचा क्रमांक ०००.

घड्याळ बदला

ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्समध्ये असलं तरी घड्याळ ॲडलेडचं लावतं, सिडनीपेक्षा अर्धा तास मागे. सिल्वरटनही तसंच. भारताच्या नेमके ४ तास पुढे, आणि ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत ५ तास. फोन कधी सिडनीचीच वेळ दाखवत राहतो. खाणीची फेरी किंवा विमान पकडायचं असेल तर मुक्कामाच्या ठिकाणच्या भिंतीवरचं घड्याळ बघा.

यामागचं कारण जुनं आहे. या गावाचा व्यवहार पहिल्यापासून ॲडलेडशी होता. खनिज तिकडे जायचं, माल तिकडून यायचा. सिडनी म्हणजे फक्त सरकार, आणि तेही फार लांबचं.

पहिला दिवस: ब्रोकन हिलमध्ये पायी

सकाळी मुख्य रस्त्यावर, आर्जेंट स्ट्रीटवर जा आणि पाट्या वाचत चाला. आर्जेंट म्हणजे चांदी. मग ऑक्साइड स्ट्रीट, क्लोराइड स्ट्रीट, सल्फाइड स्ट्रीट, ब्रोमाइड, आयोडाइड, कोबाल्ट, बेरिल. अख्खं गाव रसायनशास्त्राच्या तासासारखं आखलेलं आहे. शाळकरी मुलं सोबत असतील तर त्यांना पाट्या शोधायला लावा, तासभर मजेत जातो.

या गावाची सुरुवात १८८३ साली झाली. माउंट गिप्स नावाच्या मेंढ्यांच्या कुरणावर चार्ल्स रास्प हा जर्मनीत जन्मलेला माणूस घोड्यावरून कुंपणं तपासायचं काम करत होता. एका ओबडधोबड, मोडक्या पाठीच्या टेकडीवरचे काळपट दगड त्याला वेगळे वाटले. त्याला वाटलं कथील असावं. निघालं शिसं, चांदी आणि जस्त, जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. १८८५ साली 'ब्रोकन हिल प्रोप्रायटरी' कंपनी स्थापन झाली. आज बीएचपी म्हणून जगभर ओळखली जाते ती हीच. कंपनीने १९३९मध्येच इथून पाय काढला, नाव मात्र या टेकडीचं राहिलं. टेकडी स्वतः उरलेली नाही, ती खणून संपली. मूळची माणसं म्हणजे विल्याकली लोक. ही जमीन त्यांची होती आणि खाणीच्या गोष्टी सांगताना ते नाव बहुतेक वेळा शेवटी येतं, म्हणून इथे मध्येच सांगते.

गावाच्या मधोमध टाकाऊ मातीचा काळा डोंगर दिसतो. त्याच्यावर गाडी जाते. वर खाणकामगारांचं स्मारक आहे, 'लाइन ऑफ लोड' म्हणतात त्या जागेला. खाणीत मेलेल्या आठशेहून जास्त माणसांची नावं तिथे वर्षानुसार कोरली आहेत आणि नावापुढे मरणाचं कारणही दिलं आहे. दरड कोसळली, खाली पडला, स्फोट, शिशाची विषबाधा. घाईत वाचू नका. सुरुवातीच्या वर्षांत नावांची दाटी आहे, पुढे ती विरळ होत जाते. मध्ये १९१९-२०चा अठरा महिन्यांचा संप आहे. त्यानंतर कामगारांना आठवड्याला पस्तीस तासांचं काम मिळालं. या गावाने ते मिळवलं ते या नावांच्या बळावर.

दुपारी सल्फाइड स्ट्रीटवरचं रेल्वे संग्रहालय बघा. हे जुनं स्टेशन 'सिल्वरटन ट्रामवे' नावाच्या खासगी रेल्वेचं. गोष्ट अशी: साउथ ऑस्ट्रेलियाने हद्दीवरच्या कॉकबर्नपर्यंत रूळ आणले, पण न्यू साउथ वेल्सचं सरकार त्यांना पुढे येऊ देईना आणि स्वतःही रूळ टाकेना. मग एका खासगी कंपनीने कॉकबर्नपासून सिल्वरटनमार्गे ब्रोकन हिलपर्यंत सुमारे ५८ किलोमीटरचा मार्ग टाकला. जानेवारी १८८८मध्ये तो सुरू झाला. नाव सिल्वरटनचं, पण फायदा ब्रोकन हिलचा. गाड्या खनिज घेऊन सिल्वरटनवरून निघून जायच्या. १९७०मध्ये आधीपेक्षा रुंद रुळांचा नवा मार्ग आला आणि ही रेल्वे बंद पडली. वर सांगितलेली इंडियन पॅसिफिक धावू लागली ती याच नव्या मार्गामुळे.

उंटवाल्यांची मशीद

हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

रेल्वे येण्याआधी, आणि आल्यानंतरही रूळ नव्हते तिथे, या मुलखात माल उंटांवरून जायचा. पीठ, चहा, यंत्रांचे सुटे भाग, लोकरीचे गठ्ठे. उंट आणि ते हाकणारी माणसं दोन्ही समुद्रापलीकडून आली. १८६०मध्ये खंड ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून मेलबर्नला उतरवले गेले. १८६६मध्ये ॲडलेडचे व्यापारी थॉमस एल्डर यांनी शंभराहून जास्त उंट साउथ ऑस्ट्रेलियात आणले, तेही कराचीहूनच. त्या वेळी सिंध मुंबई इलाख्यात होता, १९३६पर्यंत. म्हणजे ज्या सरकारी अंमलाखाली पुणे आणि रत्नागिरी होती, त्याच अंमलाखालच्या बंदरातून ही माणसं जहाजात चढली. इथे सगळ्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत. प्रत्यक्षात त्यांच्यात बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण असे सगळे होते.

ब्रोकन हिलच्या उत्तर भागात, जिथे त्यांचा उंटांचा तळ होता, तिथे १८९१ साली त्यांनी बांधलेली पत्र्याची मशीद अजून उभी आहे. एक खोली, पन्हळी पत्र्याच्या भिंती. आता ती संग्रहालय आहे आणि स्थानिक इतिहास मंडळ सांभाळतं. आठवड्यातून थोडाच वेळ उघडी असते, बहुधा रविवारी दुपारी. पर्यटन केंद्रात विचारून मगच दिवस ठरवा. शक्य झालं तर सगळा प्रवास त्या वेळेभोवती आखा. मी आईला घेऊन गेले होते तेव्हा ती आत गेल्यावर बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर येऊन म्हणाली, "एवढ्या लांब येऊन आधी देवाची जागा केली त्यांनी."

याच समाजातल्या दोघांनी केलेली एक भीषण गोष्टही इथेच घडली, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. १ जानेवारी १९१५ रोजी नववर्षाच्या सहलीला बाराशे माणसं रेल्वेच्या उघड्या खनिजवाहू डब्यांत बसून सिल्वरटनला निघाली होती. मुल्ला अब्दुल्ला हा पूर्वीचा उंटवाला आणि गुल मोहम्मद हा आइस्क्रीम विकणारा, दोघांनी पहिल्या महायुद्धातल्या तुर्कस्तानच्या बाजूने म्हणून त्या गाडीवर गोळ्या झाडल्या. चार माणसं मेली, बरीच जखमी झाली. मग गावाबाहेरच्या खडकांत चकमक झाली आणि हे दोघेही मारले गेले. जर्मनी तुर्कस्तानच्या बाजूचा, म्हणून त्या रात्री जमावाने गावातला जर्मन क्लब जाळला. 'व्हाइट रॉक्स' नावाची ती जागा आजही दाखवतात. तिथे जा आणि मशिदीतही जा. एकच बघून परत आलात तर उंटवाल्यांबद्दल चुकीचं मत घेऊन याल. पन्नास वर्षं ज्यांच्या पाठीवर हा मुलूख पोसला गेला ते शेकडो लोक, आणि एका सकाळचे दोघं.

दुसरा दिवस, सकाळ: खाणीत उतरा

ब्रोकन हिलहून सिल्वरटनला जाणारा रस्ता डांबरी आहे, साधी गाडी सहज जाते. त्या रस्त्यावर एकोणचाळीस 'डिप' आहेत. पावसाचं पाणी रस्त्यावरून वाहून जावं म्हणून ठेवलेले खोलगट भाग. वर-खाली, वर-खाली होत गाडी जाते आणि मुलं मोजत बसतात. चालवणाऱ्याने मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. डिपमध्ये उतरलेली समोरची गाडी, कांगारू किंवा मेंढी तुम्हाला दिसत नाही, म्हणून ओव्हरटेक करू नका. आणि पाऊस पडून डिपमध्ये पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. पाणी घोटाभर दिसलं तरी खाली रस्ता शिल्लक आहे का ते कळत नाही. थांबा. काही तासांत ओसरतं.

वाटेत डे ड्रीम खाणीचा फाटा उजवीकडे लागतो. तिथून पुढचा रस्ता कच्चा आहे, म्हणून मघाचं विम्याचं कलम आठवा. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीची ही चांदीची खाण आता पर्यटकांसाठी उघडी असते. फेऱ्या सकाळीच असतात, वेळ फोन करून विचारा. डोक्यावर हेल्मेट आणि दिवा बांधून वाटाड्या तुम्हाला जमिनीखाली नेतो. पायऱ्या उंच-सखल, छत बुटकं, वाकून चालावं लागतं. गुडघे दुखत असतील किंवा कोंडल्या जागेची भीती वाटत असेल तर वरच्या भागाची फेरी घ्या, तीही चांगली आहे.

खाली उतरल्यावर दिवे क्षणभर विझवून मेणबत्तीच्या उजेडात दाखवतात. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून आलेले खाणकामगार याच उजेडात, हातोडा आणि छिन्नीने दगड फोडायचे. लहान मुलंही कामाला असायची. माझ्या शेजारी उभा असलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा ते ऐकून आईला जाऊन चिकटला. वर आल्यावर चहा आणि स्कोन मिळतात. ते घ्या, कारण पुढे सिल्वरटनमध्ये खायचे पर्याय फार नाहीत.

सिल्वरटन: दोन तास तरी द्या

गाडी गावाच्या तोंडाशीच लावा आणि पायी फिरा. रस्ते इतके रुंद का, तर बैलांची आणि उंटांची लांबलचक माळ वळवता यावी म्हणून. इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागा बघा. तिथे घरं होती. ब्रोकन हिलची खाण मोठी ठरली, सिल्वरटनभोवतीची चांदी वर वर होती, लवकर संपली. १८८९नंतर माणसं निघाली आणि जाताना घरंही घेऊन गेली. लाकूड आणि पत्र्याची घरं गाड्यांवर चढवली, जनावरं जुंपली आणि ब्रोकन हिलला नेऊन उभी केली. काल तुम्ही आर्जेंट स्ट्रीटच्या मागच्या गल्ल्यांतून फिरलात तेव्हा पत्र्याची जुनी घरं बघितली असतील. त्यांतली काही मूळची इथली असणार. दगडी इमारती तेवढ्या हलल्या नाहीत. म्हणून आज इथे तुरुंग, चर्च, शाळा अशाच इमारती एकमेकींपासून लांब लांब उभ्या दिसतात. घरं निघून गेली आणि संस्था राहिल्या.

तुरुंग १८८९ सालचा आहे, म्हणजे गाव रिकामं व्हायला लागलं त्याच वर्षी बांधून झाला. आता संग्रहालय आहे आणि सिल्वरटनमध्ये एकच जागा बघायची असेल तर ही बघा. कोठड्यांमध्ये जुन्या घरगुती वस्तू खच्चून भरल्या आहेत: शिवणयंत्रं, बाहुल्या, दंतवैद्याची खुर्ची, लग्नाचे फोटो. मांडणी काही शहरी संग्रहालयासारखी चकचकीत नाही आणि मला तेच आवडतं.

मग खिशातली दहा डॉलरची नोट काढा. तिच्या एका बाजूला मेरी गिलमोर या कवयित्रीचं चित्र आहे. १८८०च्या दशकाच्या शेवटी त्या याच गावात शाळेत शिकवत होत्या. इथल्या कामगारांचं जगणं त्यांनी जवळून बघितलं आणि पुढे जन्मभर त्या कामगारांच्या बाजूने लिहीत राहिल्या. शाळेच्या इमारतीसमोर नोट हातात धरून उभं राहा. हा माझा हट्ट आहे, प्रत्येक पाहुण्याला करायला लावते.

गावातली गाढवं माणसाळलेली आहेत, गाडीच्या खिडकीत तोंड घालतात. खायला घालू नका, काच वर ठेवा. चित्रकारांच्या एक-दोन गॅलऱ्या आहेत, दारात रंगवलेल्या जुन्या गाड्या असतात. चित्रपटवेड्यांसाठी: 'मॅड मॅक्स' मालिकेतल्या दुसऱ्या चित्रपटाचं चित्रीकरण १९८१मध्ये या परिसरात झालं, त्याचं छोटं संग्रहालय आहे. मी त्यावर जास्त वेळ घालवत नाही, तुमची आवड तुम्ही ठरवा.

गावाबाहेरच्या स्मशानभूमीत मात्र जा. कुंपणाआड, लाल मातीत विखुरलेल्या कबरी. वय वाचत गेलात तर लहान मुलं किती आहेत ते कळेल. पाणी नव्हतं, होतं ते घाण होतं, टायफॉइड पसरायचा. दगडांवर बसू नका, काही उचलू नका.

आसपास जुन्या खाणींची तोंडं उघडी असतात. पायवाट सोडून, विशेषतः मुलांना घेऊन, भटकू नका. चमकणारे दगड दिसले तरी खिशात घालू नका.

संध्याकाळ: मुंडी मुंडी

सिल्वरटनहून पुढे पाचेक किलोमीटरवर मुंडी मुंडी लुकआउट. टेकड्या संपतात आणि समोर सपाटी सुरू होते. नजर जाईल तिथवर एकही घर नाही, झाड नाही, क्षितिजाची रेघ कडांना किंचित वाकलेली भासते. मागच्या टेकड्यांवर पवनचक्क्या आहेत, अठ्ठावन्न. चांदी संपली, वारा उरला आणि आता त्याची वीज होते.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. जूनमध्ये सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. थर्मासमध्ये चहा असू द्या, जाकीट असू द्या. सूर्य बुडाल्यावर लगेच उठू नका, खरा रंग नंतरच्या वीस मिनिटांत येतो.

आता अडचणीचा भाग. परतीचा तीस किलोमीटरचा रस्ता अंधारात आहे आणि कांगारू नेमके याच वेळी रस्त्यावर येतात. मोठ्या कांगारूला धडक म्हणजे गाडी गेली, कधी त्याहून वाईट. दोन मार्ग आहेत. एक, सिल्वरटनमध्येच मुक्काम करा. पबमध्ये खोल्या आहेत आणि पेनरोझ पार्कमध्ये तंबू किंवा कॅराव्हॅन लावता येते. तिथली रात्र, ते आकाश, पाठीवर झोपून बघण्यासारखं आहे. दुसरा, भाड्याच्या करारात परवानगी असेल तर साठच्या वेगाने परत या. कांगारू समोर आला तर ब्रेक दाबा, गाडी वळवू नका. वळवायला गेल्यामुळेच गाड्या उलटतात. आई सोबत होती तेव्हा आम्ही पबमध्येच राहिलो.

जेवण, मुलं आणि शिसं

शाकाहारी असाल तर पबमध्ये चिप्स, सॅलड, फार तर चीजचा पिझ्झा मिळेल. ब्रोकन हिलमध्ये मोठी सुपरमार्केटं आहेत. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, खिचडीचं सामान घरून आणा. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी या प्रवासाला अगदी योग्य, दोन-तीन दिवस टिकतात. पेट्रोल ब्रोकन हिलमध्येच भरून निघा, सिल्वरटनच्या भरवशावर राहू नका.

लहान मुलं असतील तर हे गंभीरपणे घ्या. ब्रोकन हिलच्या मातीत आणि धुळीत शिसं आहे, शतकभराच्या खाणकामाचं आणि मुळातल्या खनिजाचंही. दोन-तीन दिवसांच्या भेटीत घाबरण्यासारखं काही नाही, पण खाण्याआधी प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा, रांगत्या बाळाला उघड्या मातीत सोडू नका, बूट खोलीबाहेर काढा. तिथली घरं हे रोज करतात. पाहुण्यांनी तरी का टाळावं?

तिसऱ्या दिवशी वेळ उरला तर ब्रोकन हिलमधल्या फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या तळाला भेट द्या. या पसाऱ्यात आजारी माणसापर्यंत डॉक्टर विमानाने पोचतो ते कसं, ते तिथे समजतं. मग पर्यटन केंद्रात रस्त्यांची अवस्था विचारा, टाकी भरा, फळं संपवा आणि सकाळी उजाडल्यावरच निघा.